आमच्या ओसरीवर दहा मिनिटं थांबा

प्रति,
आमच्या भागातील वीज कंपनीचे मुख्य अभियंता,
तसेच स्मार्ट मीटर बसवण्याचं काम घेतलेले कंत्राटदार

विषय: मीटर बदलताना घरातल्या माणसाला मीटर समजावून देणे आणि घराचा न्यूट्रल (वीज परत नेणारी तार) तपासणे

महोदय,

मी अमळनेर तालुक्यात गेली २६ वर्षं घरगुती फिटिंगची कामं करतो. वायरमनचा सरकारी परवाना आहे. मी तुमच्या कंपनीचा नोकर नाही, आणि स्मार्ट मीटरच्या विरोधात मोर्चा घेऊन निघालेला माणूसही नाही. मीटरपर्यंतची तार कंपनीची आणि मीटरनंतरची घरवाल्याची, ही जी हद्द आहे तिच्या घराकडच्या बाजूला माझं आयुष्य गेलं. आता त्या हद्दीवरचा मीटरच तुम्ही गावोगाव बदलताय. बदलून झाल्यावर घरात काय होतं ते पाहायला बहुतेक वेळा मलाच बोलावणं येतं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितोय.

आधी एक घडलेली गोष्ट सांगतो.

आमच्या शेजारच्या गावात दोन भावांचं घर आहे. वडिलांनी बांधलेलं धाब्याचं घर, वाटणी झाली तेव्हा मधून विटांची भिंत घातली. ओसऱ्या दोन, चुली दोन, मीटर दोन. थोरल्या आप्पांच्या घरात नवरा-बायको दोघंच. तीन बल्ब, दोन पंखे, एक टीव्ही. वर्षानुवर्षं त्यांचं बिल ८०-८५ युनिटच्या पुढे गेलेलं नाही. फाल्गुनात मीटर बदलणारी मुलं आली. आप्पा शेतात, घरी काकू एकट्या. जुना काळा चकतीचा मीटर उतरला, नवा पांढरा चढला, फोटो निघाला, मुलं पुढच्या घरी गेली. आठ-दहा मिनिटांचं काम. काकूंना कोणी काही सांगितलं नाही आणि त्यांनीही विचारलं नाही. सरकारी काम वाटलं त्यांना.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, महिन्याचं बिल आलं १५८ युनिटचं.

आप्पा कार्यालयात गेले. रीडिंग बरोबर आहे, वापर वाढला असेल, असं उत्तर मिळालं. आखाजीला लेकी माहेरी येतात, नातवंडं येतात, पंखे दिवसभर फिरतात, त्यामुळे आप्पांनाही ते पटलं. त्यांनी बिल भरलं. लेकी सासरी गेल्या. पुढचं बिल १५५ युनिटचं. पुन्हा कार्यालय, पुन्हा तेच उत्तर. तोवर गावात बातमी पसरली होती की नवा मीटर दुप्पट पळतो. पुढच्या गल्लीत तुमची मुलं गेली तेव्हा बायकांनी दारं लावून घेतली. तुमच्या कागदावर त्याची नोंद ‘ग्राहकांचा विरोध’ अशी झाली असेल.

जून लागल्यावर आप्पांनी मला बोलावलं. मी घरातला मेन स्विच पाडला, म्हणजे बंद केला. पंखे थांबले, टीव्ही बंद, फ्रिज तर नाहीच. मीटरवरचा लाल दिवा मात्र लुकलुकतच राहिला. मेन सिंगल पोलचा होता, म्हणजे फक्त फेज, वीज आत आणणारी तार, तोडणारा. मी हातमोजे घालून मेन बोर्डावरून न्यूट्रलची तार सोडवली. त्याच क्षणी भिंतीपलीकडून धाकट्याची सून ओरडली, “कूलर बंद पडना!”

घराची वाटणी झाली तेव्हा भिंत घातली गेली, पण वायरिंगची वाटणी कोणी नीट केलीच नव्हती. धाकट्याने पुढे कूलरसाठी पॉइंट काढला. फेज स्वतःच्या बोर्डावरून घेतला आणि न्यूट्रल जवळ पडतो म्हणून भिंतीतल्या जुन्या डबीतून. ती डबी थोरल्याच्या लाइनवर होती. कोणत्या कारागिराने केलं हे आता कोणालाच आठवत नाही. चोरीचा हेतू कोणाचाच नव्हता. आमच्याकडे वाटणी झालेल्या निम्म्या घरांत असलं काहीतरी सापडतं, हे मी स्वतःच्या हातांनी उघडलेल्या बोर्डांवरून सांगतो.

चकतीच्या मीटरमध्ये करंट मोजणारी कॉइल एकाच तारेवर असायची, फेजवर. न्यूट्रल कुठूनही परत गेला तरी त्याला पत्ता नसे. नवा मीटर फेजचा आणि न्यूट्रलचा असे दोन्ही करंट मोजतो आणि जो जास्त असेल तो धरून युनिट चढवतो. चोरी पकडण्यासाठी ही सोय आहे आणि ती योग्यच आहे. जमिनीत अर्थिंग ठोकून न्यूट्रल चुकवणारे लोक मीही पाहिलेत. पण दोन भावांच्या घरात याच सोयीचा परिणाम असा झाला की धाकट्याचा कूलर त्याच्या मीटरवर फेजमधून मोजला गेला आणि थोरल्याच्या मीटरवर न्यूट्रलमधून पुन्हा मोजला गेला. २०० वॅटचा कूलर दिवसातून १२ तास चालला तर दिवसाचे २.४ युनिट, महिन्याचे ७२. आप्पांच्या ८५ मध्ये ७२ मिळवा, वाढलेल्या बिलाचा हिशेब लागतो. शिवाय पहिल्या १०० युनिटचा दर वेगळा आणि पुढच्या युनिटचा बराच जास्त. जो माणूस कधी १०० ओलांडत नव्हता तो वरच्या दरात जाऊन बसला.

म्हणजे डीपीतून (गावातल्या ट्रान्सफॉर्मरमधून) त्या कूलरला वीज एकदाच गेली आणि पैसे दोन घरांनी भरले.

मीटर खोटा नव्हता, आप्पाही खोटे नव्हते. कार्यालयातल्या साहेबांसमोर फक्त रीडिंगचा आकडा होता, आणि त्या आकड्यावरून त्यांना हे कळणं शक्य नव्हतं. हे कळण्याची जागा एकच होती, आप्पांची ओसरी, आणि वेळही एकच, मीटर बदलला ती. मेन पाडून दिवा लुकलुकतो का एवढंच त्या मुलाने पाहिलं असतं तर दोन महिन्यांची पायपीट वाचली असती. दोन भावांमध्ये जे अबोला धरण्यापर्यंत गेलं, तेही टळलं असतं. तारेतला करंट मोजणाऱ्या माझ्या टाँग टेस्टरवर आकडा दिसला तेव्हा आप्पांच्या तोंडून पहिला शब्द निघाला तो ‘चोरी’. ही चोरी नाही, धाकट्यानेही स्वतःच्या कूलरचे पूर्ण पैसे भरलेत, हे समजावायला मला संध्याकाळपर्यंत बसावं लागलं.

मुलांना मी दोष देत नाही. कुठली कुठली पोरं आहेत, उन्हात मोटारसायकलवर मीटरची खोकी बांधून फिरतात. त्यांच्यातल्या एकाला मी पाणी देताना विचारलं, तर म्हणाला, दिवसाला किती झाले एवढंच वरून विचारतात. तुम्ही त्यांना जे विचारता तेच ती करणार.

म्हणून माझी मागणी एवढीच आहे. मीटर बसवून झाल्यावर प्रत्येक घरी आणखी दहा मिनिटं थांबा. ती कंत्राटात लिहा आणि त्या वेळेचे पैसे द्या.

त्या दहा मिनिटांत पहिलं काम मेन पाडून बघण्याचं. घरातलं सगळं बंद असताना दिवा लुकलुकत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा न्यूट्रल दुसऱ्या घरात गुंतलाय. हे घरवाल्याच्या हातात लिहून द्या आणि वायरमनला दाखवायला सांगा. त्याने स्वतः तारांना हात लावू नये, हेही सांगा. तोवरच्या दोन बिलांत अशी दुहेरी मोजणी झालेली सापडली तर दोन्ही मीटरची रोजची नोंद तुमच्याकडे आहेच, ती जुळवून बिल दुरुस्त करण्याची रीत ठरवा. आज अशा माणसाने कोणत्या टेबलावर जायचं हे कार्यालयात कोणीच सांगू शकत नाही.

मग मीटर वाचायला शिकवा. तुम्हाला ही बाब क्षुल्लक वाटेल, पण नव्या मीटरचा पडदा आपोआप बदलत राहतो. तारीख, वेळ, व्होल्टेज, कमाल मागणी, मग कधीतरी युनिट. चष्मा लावून बसलेली म्हातारी माणसं चुकीचा आकडा वहीत उतरवतात आणि महिनाअखेर घाबरतात. आमच्या गल्लीतल्या एका आजींनी मला विचारलं, “भाऊ, हाई लाल लाईट काबरं लुकलुक करस?” त्यांना कोणीतरी सांगितलं होतं की आत कॅमेरा आहे. मी त्यांच्याकडून १०० वॅटचा जुना बल्ब मागून घेतला, बाकी सगळं बंद केलं आणि मोजायला लावलं. मीटरवर ३२०० हा आकडा छापलेला होता, म्हणजे ३२०० वेळा लुकलुकलं की एक युनिट. १०० वॅटच्या बल्बवर साधारण ११ सेकंदांनी एकदा. त्यांच्या नातवाने मोबाइलवर वेळ लावली, दहा लुकलुकींना दोन मिनिटांच्या आत-बाहेर लागली, हिशेब जुळला. आजींची भीती गेली. (प्रत्येक मीटरवर हा आकडा वेगळा असू शकतो, आधी वाचून घ्यावा.) एवढी साधी परीक्षा तुमच्या मीटरची बाजू कोणत्याही जाहिरातीपेक्षा चांगली मांडते, आणि ती कोणी करून दाखवत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं.

वीज ग्राहकांच्या हक्कांच्या नियमांत केंद्र सरकारने जून २०२३ मध्ये बदल केला. त्यात स्मार्ट मीटरचं रीडिंग दिवसातून किमान एकदा दुरून घ्यावं आणि ती माहिती ग्राहकाला मिळावी असं आहे. तुम्ही म्हणाल, अॅपवर दिसते. अॅप आप्पांच्या साध्या मोबाइलवर चालत नाही. आठवड्यातून एक मेसेज मराठीत, ‘गेल्या सात दिवसांत इतके युनिट’ एवढा पाठवला, तर आप्पांना तिसऱ्याच आठवड्यात कळलं असतं.

फेब्रुवारी २०२४ चा दुसरा बदल तर मी ज्यांना ज्यांना सांगितला त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हता. रीडिंग प्रत्यक्ष वापराशी जुळत नाही अशी ग्राहकाने तक्रार केली, तर तक्रारीपासून पाच दिवसांत कंपनीने जोडीला दुसरा तपासणी मीटर बसवायचा आणि किमान तीन महिने त्यावर पडताळणी करायची. हा नियम बिलाच्या मागच्या बाजूला ठळक मराठीत छापा. लोकांच्या मनातला निम्मा संशय तेवढ्याने उतरेल. ज्याला आपण तपासू शकतो त्या मीटरला कोणी दगड मारत नाही.

आता उन्हाळ्याबद्दल. हे मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण यात आमच्या माणसाचा फायदा आहे आणि तोच त्याला माहीत नाही.

जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. इथे कूलर ही चैनीची वस्तू नाही. धाब्याचं घर निदान गार राहायचं, आता स्लॅब पडलेत आणि पत्रे चढलेत. दुपारी बाळंतीण आणि म्हातारं माणूस असलेल्या घरात कूलर बंद करता येत नाही. स्मार्ट मीटर असलेल्या घरगुती ग्राहकाला १ जुलै २०२५ पासून सकाळी ९ ते संध्याकाळी ५ या वेळेतल्या वापरावर युनिटमागे ८० पैशांची सवलत सुरू झाली. तोच २०० वॅटचा कूलर या आठ तासांत चालला तर दिवसाला १.६ युनिट, महिन्याला ४८, म्हणजे ३८ रुपये वाचले. रक्कम मोठी नाही, पण पाण्याची मोटार, मिक्सर, इस्त्री, वॉशिंग मशीन हे सगळं ९ च्या आत उरकायची सवय असलेल्या घरात ते थोडं पुढे ढकललं तर त्यात भर पडते. सवलत दिवसाच का, हेही सांगायला हवं. आमच्याच खानदेशातल्या साक्री तालुक्यात सौर प्रकल्पाच्या काचा पसरल्यात, ऊन असतं तेव्हा ती वीज भरपूर आणि स्वस्त मिळते. संध्याकाळी ऊन जातं आणि सगळ्यांचे दिवे एकदम लागतात, तेव्हा भुसावळजवळच्या दीपनगरसारख्या औष्णिक केंद्रांवर भार येतो. दीपनगरच्या चिमण्या आणि साक्रीच्या पवनचक्क्या बघत मोठी झालेली आमची पोरं हे एका वाक्यात समजतील. पण मीटर बसवताना ही सवलत सांगितली जाते असं मला अजून एकाही घरात आढळलं नाही. लोकांना एवढंच कळलं की मीटर बदलला आणि बिल वाढलं.

चांगलं आहे तेही लिहितो. कापूस वेचणीच्या दिवसांत सगळं घर शेतात असतं. रीडिंग घेणारा येतो, कुलूप बघतो, बिलावर शेरा पडतो आणि सरासरी बिल येतं. ऊसतोडीला सहा महिने बाहेर जाणाऱ्या कुटुंबांनी बंद घराची अशी बिलं भरली आहेत आणि परत येऊन ती कमी करून घेण्यात मजुरीचे दिवस घालवले आहेत. नव्या मीटरने हे थांबेल. माझ्या दृष्टीने या मीटरचा सगळ्यात मोठा गुण हाच, आणि ज्यांना तो हवाय त्यांच्यापर्यंत तो कोणी पोचवलेला नाही.

दुरून वीज तोडण्याची कळही या मीटरमध्ये आहे. जून २०२४ मध्ये राज्याच्या ऊर्जामंत्र्यांनी जाहीर केलं होतं की सामान्य ग्राहकांकडे प्रीपेड स्मार्ट मीटर बसवले जाणार नाहीत. आज बसतात ते वापरानंतर बिल येणारे. तरी लोकांच्या मनात भीती आहे की पैसे संपले की रात्री अंधार होईल. वीज कायदा २००३ चं कलम ५६ सांगतं की थकबाकीसाठी वीज तोडण्याआधी १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस द्यावी लागते. आता खांबावर चढायची गरज उरली नाही म्हणून ती नोटीस टळत नाही, एवढं वाक्य प्रत्येक गावच्या चावडीवर तुमच्या सहीनिशी लावा.

पैशांचं थोडक्यात. मीटर फुकट आहे असं दारात सांगितलं जातं. जाहीर झालेल्या कंत्राटांप्रमाणे एका मीटरमागे देखभालीसह सुमारे १२ हजार रुपये खर्च आहे, त्यात आमच्यासारख्या राज्याला केंद्राचं अनुदान मीटरमागे जास्तीत जास्त ९०० रुपये. उरलेला खर्च पुढे कुठून निघणार हे शेतकऱ्यालाही कळतं. फुकट म्हणू नका, आज वेगळे पैसे घेत नाही असं म्हणा. ते खरं आहे आणि लोक ते मान्य करतील.

आणखी एक मागणी गावासाठी. घरांबरोबर डीपीवरही मीटर बसतायत. महिन्याच्या शेवटी डीपीचं रीडिंग आणि त्या डीपीखालच्या सगळ्या घरांची बेरीज ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लिहा. तारेवर चोरीचे आकडे कोण टाकतं हे गावाला माहीत असतं. इमानाने बिल भरणाऱ्याला आपल्या गावात किती वीज वाया जाते हे एकदा आकड्यात दिसू द्या. आणि एखाद्या डीपीखाली घरांची बेरीज डीपीपेक्षा जास्त भरली, तर समजा तिथे आप्पांसारखं कुणाचं तरी घर आहे.

आप्पांच्या घरचं काम अजून अर्धवट आहे. कूलरचा न्यूट्रल मी वेगळा करून दिला. पण मीटरच्या खालच्या झाकणात खांबावरून येणारी ॲल्युमिनियमची सर्व्हिस वायर सैल बसलीये, दुपारी हात लावला तर झाकण गरम लागतं. त्यावर तुमचं सील आहे. ते तोडण्याचा मला अधिकार नाही आणि मी तोडणार नाही. त्या गल्लीत असं झाकण गरम लागणारे आणखी दोन मीटर आहेत, ग्राहक क्रमांक मी लेखी तक्रारीत दिलेत.

यंदा श्रावणात आमच्या खानदेशातली कानबाई देवी आप्पांकडे बसणार आहे. सगळे भाऊबंद जमतील, धाकट्याचं घरही त्यात आहे, आणि रात्रभर दोन्ही ओसऱ्यांवर माळा लागतील. त्याआधी एखाद्या सकाळी तुमचा माणूस सील घेऊन पाठवा. तासाभराचं काम आहे, मी तिथे हजर राहीन.

आपला,
एक परवानाधारक वायरमन
अमळनेर तालुका